आठ आठवड्यांत स्नॅच शिकवणाऱ्या लेखकास

महाशय,

लेखाखाली तुम्ही नाव टाकलेलं नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. पॉवरलिफ्टिंगकडून ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगकडे वळणाऱ्यांसाठी तुम्ही लिहिलेला तो लेख आमच्या जिममध्ये या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. ताकद तुमच्याकडे आहेच, राहिलं ते तंत्र, आणि ते वाचून आठ आठवड्यांत येईल, हा त्याचा सारांश. मी बरीच वर्षं पॉवरलिफ्टिंग केलं आहे आणि सध्या एका कोचच्या हाताखाली स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं, शिकतो आहे. तुमच्या भरवशावर राहिलेली चांगली दणकट पोरं मनगटं आणि खांदे धरून बसलेली मी बघतो. त्याचा मला संताप येतो.

तुम्ही ज्याला उरलंसुरलं म्हणता, तोच सगळा खेळ आहे. डेडलिफ्टमध्ये बार सावकाश चढला तरी चालतो. गुडघ्यापाशी रेंगाळला, अंग थरथरलं, तरी शेवटी ताठ उभे राहिलात की लिफ्ट तुमची. त्यामुळे आम्हा पॉवरलिफ्टरांच्या अंगात जमिनीवरूनच सगळा जोर काढायची आणि भार टाचांवर घेऊन मागे रेलायची सवय मुरलेली असते. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून सांभाळून सुटतो. पाठीचा कोन बदलत नाही, गुडघे आधी मागे जातात आणि बार वर सरकला की पुन्हा त्याच्या खाली येतात. खरा वेग मांडीच्या वरच्या भागापाशी येतो, आणि त्यानंतर माणसाने स्वतःलाच बारखाली खेचायचं असतं. हे सगळं सेकंदाच्या आसपास उरकतं. तेवढ्यात तुमचा तिसरा परिच्छेद कुणाला आठवणार? हात लवकर वाकले, हे उचलणाऱ्याला कळतच नाही. बार आज जड आहे, एवढंच त्याला वाटतं. बाजूला उभा असलेला कोच नुसतं ‘हात!’ म्हणून ओरडतो आणि पुढची लिफ्ट सुधारते. तुमच्या लेखाला हे कधीच जमणार नाही, कारण समोर कोण उभा आहे हे त्याला दिसत नाही.

खांद्यांचंही तसंच. वर्षानुवर्षं बेंच प्रेस आणि लो-बार स्क्वॉट केलेल्या माणसाला क्लीनमध्ये कोपर पुढे उंच करून बार खांद्यांवर टेकवता येत नाही. मग तो भार मनगटांवर येतो. जर्कमध्ये वाकलेल्या हातांवर बार झेलून मग दाबून हात सरळ केले, तर पंच ती लिफ्ट बाद करतात, आणि बेंचवाल्याचे हात आपोआप नेमकं तेच करतात. एवढ्या मोठ्या अडचणीवर तुमच्या लेखात एकच ओळ आहे: स्ट्रेचिंग करा. पकडीचंही तेच. डेडलिफ्टमधली उलटसुलट पकड इथे चालत नाही, अंगठा बोटांखाली दाबून हूक ग्रिप धरायची असते. तिचा तर उल्लेखही नाही.

ताकदीवर तुमची एवढी भिस्त आहे, तर शेन हॅमनकडे बघा. अमेरिकेच्या या पॉवरलिफ्टरने 1008 पौंडांचा, म्हणजे सुमारे 457 किलोंचा स्क्वॉट केला होता. वेटलिफ्टिंगकडे वळल्यावर तो कोलोराडो स्प्रिंग्जच्या ऑलिम्पिक प्रशिक्षण केंद्रात जाऊन राहिला. 2000 मध्ये सिडनी ऑलिम्पिकला तो दहावा आला, 2004 मध्ये अथेन्सला सातवा. त्याचा सर्वोत्तम क्लीन अँड जर्क 237.5 किलोंचा, त्याच्या स्क्वॉटच्या निम्म्याहून जरासाच जास्त. एवढ्या प्रचंड माणसाला कोचच्या नजरेखाली वर्षं घालवावी लागली, आणि आमच्या पोरांना तुम्ही आठ आठवडे देता!

शेवटचा भाग मात्र अक्षम्य आहे. तिथे तुम्ही ‘बल्गेरियन पद्धत’ म्हणून रोज जास्तीत जास्त वजन उचलायचा तक्ता दिला आहे. ही पद्धत इव्हान अबाजिएव्ह यांची. त्यांचे खेळाडू लहान वयातच निवडलेले असत आणि सरकारी व्यवस्थेत राहून फक्त उचलण्याचंच काम करत. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये मित्को ग्राब्लेव्ह आणि आंगेल गेंचेव्ह हे त्यांचे दोन सुवर्णविजेते डोपिंग चाचणीत सापडले, पदकं गेली आणि बल्गेरियाचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला तर डोपिंगमुळेच बल्गेरियाच्या वेटलिफ्टरांना बंदी होती. यातलं एक अक्षरही न सांगता तुम्ही तो तक्ता दिवसभर खुर्चीत बसून रात्री नऊला जिममध्ये येणाऱ्या, एकट्याने उचलणाऱ्या माणसाच्या हातात दिलात. डोपिंग बाजूला ठेवा, नुसत्या दुखापतीचंच बघा. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 248 किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण एका किलोने हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात 139 किलोंखाली त्याचा कोपर दुखावला होता. पोरवयापासून तयारी केलेल्या खेळाडूचा सांधा असा जातो, तर ज्याच्याकडे बघायला कुणीच नाही त्याचं काय होईल, याचा विचार लिहिताना तुमच्या मनात आला का?

वाचू नये, असं मी म्हणत नाही. मी भरपूर वाचतो. नियम, बारचा मार्ग, चुकांची कारणं वाचून कोचचं बोलणं लवकर समजतं. पण वेटलिफ्टर मीराबाई चानूच्या पाठीशी विजय शर्मांसारखे कोच होते, तरी टोकियो ऑलिम्पिकआधी 2020 मध्ये खांद्याच्या दुखण्यासाठी ती थेट अमेरिकेला एका तज्ज्ञाकडे गेली. तो तज्ज्ञ इंटरनेटवर भरपूर लिहितो आणि दाखवतो. ते सगळं तिला घरबसल्या बघता आलं असतं. तरी ती प्रत्यक्ष गेली, त्याने तिचं शरीर तपासलं, आणि पुढच्या वर्षी तिने 202 किलो उचलून रौप्यपदक मिळवलं.

तेव्हा महाशय, तो बल्गेरियन तक्ता आजच काढा. आठ आठवड्यांचं आश्वासन खोडा. पहिल्या ओळीत लिहा, की रिकाम्या बारने सुरुवात करा आणि पहिल्या दिवसापासून कोच शोधा. आणि खाली तुमचं नाव घाला, म्हणजे दुखावलेल्यांना जाब कुणाला विचारायचा ते कळेल.

ज्यांनी तो लेख मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे, त्या माझ्या पॉवरलिफ्टर मित्रांनो: गावात कोच नसेल तर जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात चौकशी करा, आठवड्यातून एकदा प्रवास करावा लागला तरी करा. तुमच्या लिफ्टचा बाजूने काढलेला व्हिडिओ कोचना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत बारवर प्लेट चढवू नका.