रिटायर्ड नर्सबाई

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मोठ्या गावात एक रिटायर्ड नर्सबाई असतातच. उपकेंद्राचं क्वार्टर सुटलं, पण गाव सुटलं नाही. तिथंच दोन खोल्या बांधलेल्या. बारावीचा निकाल लागला की त्यांच्या अंगणात चपलांचा ढीग पडतो. गावातल्या निम्म्या पोरी त्यांच्याच हातावर जन्मलेल्या. "तुझी नाळ मी कापली, आन् फॉर्म भरायला दुसऱ्याकडं जातं काऊन वं?" याला कुणाकडं उत्तर नसतं.

माणूस समोर आला की बाई आधी मनगट पकडतात. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत नाडी मोजून झाली की मग, "हं, बोल." ओळखीही तशाच. भर ग्रामसभेत सरपंचाला "अरे पायाळू" म्हणणारं माणूस गावात एकच.

नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक त्या मागच्या पानापासून वाचतात. पुढची चकचकीत इमारत, पांढऱ्या गणवेशातल्या हसऱ्या पोरी, त्याकडं ढुंकूनही नाही. "इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता? महाराष्ट्राच्या कौन्सिलची? या वर्षीची दाखव. आन् कॉट किती?" दवाखाना मोठा नाही, बाळंतपणं होत नाहीत, मग पोरगी शिकणार कशावर? "दवाखान्याशी टायअप आहे, मॅडम," असं कॉलेजचा एजंट म्हणाला की बाई त्याचंही मनगट मागतात. मूळ मार्कशीट त्याच्या हातात द्यायची नाही, हा तर अंगणाचा कायदाच.

सल्ला त्या डोससारखा देतात. आर्ट्सची पोरगी, लवकर कमवायची घाई: एएनएम, दोन वर्षं. जरा दम असेल तर जीएनएम, तीन वर्षं. बारावीला बायोलॉजी असेल तर सरळ बीएस्सी, चार वर्षं. भावालाही नर्सिंगच करायचं असेल, तर एएनएमचं दार त्याला बंद. जीएनएमला बस म्हणावं.

नोकरीचं विचारलं की बाई खुर्चीत मागं रेलतात. "आदिवासी भागात तीन हजार लोकांमागं एक उपकेंद्र, सरकारचाच नियम आहे. नर्स लागतेच. पण पहिली ऑर्डर कंत्राटी, अकरा महिन्यांची. मग पुन्हा अकरा." पुढं भामरागड निघतं, पर्लकोटेचा पूर निघतो, आरोग्य सेविकेची आरोग्य सहायिका व्हायला लागलेली वर्षं निघतात. चहा निवतो. पोरीचा बाप मात्र पेपर वाचून आलेला असतो. २०२४ साली महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला, तिकडं नर्सेस पाहिजेत, हे त्याला पाठ. बाई म्हणतात, "पाठव ना. जीएनएम नाहीतर बीएस्सी कर म्हणा, आन् आधी जर्मन शिकव. एटापल्लीकडं होते तेव्हा मी माडिया शिकले, तवा कुठं बायका दार उघडायला लागल्या."

त्यांचा खरा दोष एवढाच, की दुसरा कुठला धंदा जगात आहे हे त्यांना पटत नाही. यंदा एका पोरीनं सांगितलं, मला वनरक्षक व्हायचंय. अंगण चिडीचूप. बाईंनी मनगट धरलं, पूर्ण मिनिटभर मोजलं.

"बहात्तर. खरं बोलून राहिली." मग तिच्या आईकडं वळून, हळूच: "धाकटी कितवीत आहे वं?"