कूलर दुरुस्ती केंद्रातील मनुष्यबळ नियोजन : मालकांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अकोला आणि अमरावती शहरांत कूलर दुरुस्त करून देणाऱ्या, चार माणसांच्या दुकानांसाठी आहे. पाच माणसंवाल्यांनी वाचू नये. त्यांच्याकडे फोन उचलायला वेगळा माणूस असतो, म्हणजे त्यांचे प्रश्न सुटलेलेच आहेत.

प्रथम आपली ताकद मोजावी. दुकानात मालक, मिस्त्री, मिस्त्रीच्या हाताखालचा पोट्टा आणि घरच्या शांततेसाठी ठेवलेला साळ्याचा पोरगा अशी चार डोकी दिसतात. पैकी मालक गल्ल्यावर असतो, साळ्याचा पोरगा मोबाइलवर असतो, आणि पोट्ट्याला मोटर उघडता येते पण बसवता येत नाही. हिशेबात मिस्त्री एक धरावा.

मिस्त्री सकाळी आठला निघतो. बारा ते चार वऱ्हाडात मे महिन्यात कोणी छपरावर चढत नाही, त्यामुळे ते तास वजा. संध्याकाळी आठपर्यंत कामाचे आठ तास. जाणं-येणं, पंपातला गाळ, बुश, ताट्या आणि चहा धरून एका कूलरला एक तास. रोज आठ कूलर झाले आणि फोन समजा पंचवीस आले, तर रोज सतरा शिल्लक, दहा दिवसांत एकशे सत्तर. ही आकडेमोड पाटीवर करावी आणि लगेच पुसावी. ती डोळ्यांसमोर राहिली तर मालकाच्या तोंडून एखादे दिवशी ‘आज नाही जमणार’ असं निघून जातं.

त्याऐवजी पंचवीसच्या पंचवीस जणांना ‘दुपारपर्यंत’ सांगावं. दुपारी फोन येतोच.

‘काहून भाऊ, तिसरा फोन होय हा. घरी सासू हाय माही!’

‘काकाजी, पोट्टा निघालाच. मोर्णेच्या पुलावर असंल पाहा.’

पूल विचारपूर्वक निवडला आहे. पुलावरचा माणूस डाबकी रोडकडेही चाललेला असू शकतो आणि जठारपेठेकडेही, त्यामुळे एकाच वेळी दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना तोच पूल चालतो. अमरावतीच्या मालकांनी राजकमल चौक वापरावा.

मागणीचा उगम ठाऊक असणं बरं. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, नळ आला तर आला, म्हणून टाकीत बोअरचं पाणी पडतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताट्या कडक होतात, पंप चोक होतो, पत्र्याची टाकी गंजते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून धुवा, एवढं गिऱ्हाइकाला सांगितलं तर बऱ्याच तक्रारी येणारच नाहीत. सांगायचं की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गल्ल्याकडे पाहून ठरवावं. फेब्रुवारीतच सर्व्हिसिंग करून घ्या, असंही सांगून पाहावं. ‘अजून थंडी हाय ना भाऊ,’ असं उत्तर मिळेल. तेच गिऱ्हाईक एप्रिलमध्ये दुकानाच्या पायरीवर बसलेलं आढळेल.

एक गोष्ट मात्र थट्टेत न घेता लिहितो. पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासा, असं महावितरण दर उन्हाळ्यात कंठशोष करून सांगतं. पंचवीस फोनांच्या घाईत पहिली गाळली जाते ती हीच तपासणी. मागे राहिले ते सतरा उद्या चालतील, हे चालणार नाही.

आता प्रेरणा. जून 2022 मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, 75 किलोमीटरची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाली. 3 तारखेला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी काम सुरू, 7 तारखेला संध्याकाळी पाचला खतम. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरला दहा दिवस. आपल्याकडे राबणारी माणसं 720. ही बातमी मालकाने मिस्त्रीला जरूर वाचून दाखवावी आणि ‘पाहून राह्यला का?’ असं विचारावं.

‘त्याईले एकच रस्ता होता भाऊ,’ मिस्त्री म्हणतो. ‘अन् मंधात कोनाची सासू फोन करत नव्हती.’

मिस्त्रीशी यापुढे वाद घालू नये.

कामगार कल्याणाकडे दुर्लक्ष करू नये. 2024 मध्ये नवतपा लागला त्याच दिवशी, 25 मे रोजी, अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी 31 मेपर्यंत कलम 144 लावलं होतं. शिकवण्यांना सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरची वेळ दिली, आणि आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याचं पाणी, पंखे यांची सोय करावी असं बजावलं. कूलरच्या दुकानाला ही अट सोपी आहे. गिऱ्हाइकाचा दुरुस्त झालेला कूलर पोचता न करता दुकानातच चालू ठेवावा. याला टेस्टिंग म्हणतात. नवतपाभर टेस्टिंग करावं.

कामाची वाटणी कशी करावी, हा सर्वात नाजूक भाग. जो काम पुरं करतो त्याला आणखी काम द्यावं, आणि जो करत नाही त्याच्यावर ओझं टाकू नये, ही सर्वमान्य पद्धत आहे. तिच्यामुळे मिस्त्री दिवसभर धावतो आणि साळ्याच्या पोराची तब्येत सुधारते. पगार दोघांचा सारखा ठेवावा, नाहीतर घरी बोलणं बसतं. पोट्ट्याला शिकवायला वेळ नसतो, कारण मिस्त्री धावत असतो; आणि मिस्त्री धावत असतो, कारण पोट्ट्याला येत नाही. फेब्रुवारीत रिकाम्या हाताने पोट्ट्याला दोन मोटरी उघडून बसवायला दिल्या असत्या तर मेमध्ये मिस्त्री दोन झाले असते. पण फेब्रुवारीत मालकाला वाटतं की रिकामा माणूस म्हणजे नुकसान, म्हणून तो पोट्ट्याला बसवतो घरी. दुसऱ्या होळीला मिस्त्री समोरच्याच ओळीत स्वतःचं शटर उघडतो. उद्घाटनाला जावं, हार न्यावा. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याकडे आधीच असतात.

7-8 जूनला मृग लागतो. पहिला पाऊस पडला की पोट्टा पेरणीला गावी जातो आणि त्याच संध्याकाळी फोनही थांबतात. वहीत उरलेल्या सगळ्या तक्रारींपुढे ‘निकाली’ असं लिहावं, आणि साळ्याच्या पोराला पाटीवर ‘गिझर दुरुस्त करून मिळतील’ रंगवायला बसवावं. दिवाळीपर्यंत होईल.