बिनसाखरेचे आबाजी

आसगावसारख्या पवनी तालुक्यातल्या धानाच्या गावात बिनसाखरेचे आबाजी हमखास भेटतात. "आपला चहा बिनसाखरेचा!" असं ते अशा आवाजात सांगतात, की त्यांचा त्याग पलीकडच्या पानठेल्यापर्यंत पोचावा. सोबत दोन आलूबोंडे घेतात, कारण त्यात साखर कुठाय? दुपारी भात तीनदा वाढून घेतात. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड सगळं नेमाने चालतं. डॉक्टरांची गोळी मात्र रक्त तपासायच्या आधीचे चार दिवसच. आबाजींचं सगळं वैर साखरेशी, आणि भात तर घरचाच! पण पोटात गेल्यावर त्या घरच्या भाताचंही ग्लुकोजच होतं. "आमच्या बापानं जन्मभर भातच खाल्ला, त्याला कुठं झाली शुगर?" हा त्यांचा हुकमी सवाल. एक तर बापाची शुगर कुणी मोजलीच नव्हती. दुसरं, बाप बैलांमागे दिवसभर चिखलणी करायचा, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायचा. राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी हार्वेस्टर. भात मात्र अजून बापाच्याच मापाने वाढला जातो.

"पण आबाजी पहाटे फिरतात की!" फिरतात, चौकातल्या बाकापर्यंत, पुढचा तासभर फक्त जीभ चालते. शिवाय वेळही चुकते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये 41 मधुमेहींवरचा प्रयोग छापला: दिवसात कधीतरी 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. माणसं थोडी होती, हे खरं. पण दहा मिनिटांत बुडणार काय? आबाजी नेमके त्याच वेळी आडवे होतात.

"या वयात कशाला एवढं पथ्य?" या आक्षेपात मात्र दम आहे. सूनबाईने भात एकदम तोडला आणि गोळी रोज तेवढ्याच मापाने दिली, तर साखर घसरून आबाजी रात्री अंगणात कोसळायचे. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी डॉक्टरही साखरेचं लक्ष्य थोडं सैल ठेवतात. भात अर्धा करावा, उरलेल्या जागी वरण, भाजी, तलावातली मासळी यावी आणि गोळीचं माप डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. वयाबरोबर झिजणाऱ्या स्नायूंसाठी, हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून पुनःपुन्हा उठणं हा सोपा व्यायाम. गुडघ्यांमुळे तो जमत नाही, असं आबाजी सांगतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताची परात घेऊन पुढे निघून गेला, की त्याला हाक मारायला मात्र ते टेकूशिवाय उठतात.