कोडंबाक्कम शकनिर्णय

चेन्नईत भांडण लावायला कष्ट पडत नाहीत. उन्हाळ्यात रंगीत कुडम, म्हणजे घागर, घेऊन पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहावं आणि कुणालाही न उद्देशून म्हणावं, "इळैयराजांच्या गाण्यांची सर आताच्या सिनेगाण्यांना नाही." टँकर येतो, कुडम भरतात, टँकर जातो, वाद जागच्या जागी असतो. गेली बावीस वर्षं मी तो ऐकतो आहे. कुणीतरी एकदा शास्त्रशुद्ध निर्णय द्यायला हवा, आणि तो मीच द्यावा, असं माझं नम्र मत झालं.

आधी अधिकाराचं पाहू. तमिळ माणूस या खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही, कारण तो जन्मतःच कुठल्या तरी बाजूचा वकील असतो. मी साताऱ्याचा. माझं तमिळ रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतं, आणि त्या घासाघिशीतही मीच हरतो. गाण्यातले शब्द कळत नसल्याने मन कोणत्याही बाजूने कलुषित झालेलं नाही. ('तमिळ' या शब्दातला ळ मला जमतो असं मी सुरुवातीला समजत होतो. तो आपला ळ नव्हे. तो कुठला, हे जिभेला अजून सापडलेलं नाही.) शिवाय परंपरा आहेच. व्यंकोजीराजांच्या वंशाने तंजावरवर पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. अण्णादुराईंच्या नाटकात गणेशन नावाच्या नटाने शिवछत्रपतींची भूमिका केली आणि पेरियारांनी त्याचं नावच 'शिवाजी' करून टाकलं. शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळुरूचा मराठी बसकंडक्टर या शहरात येऊन रजनीकांत झाला. इतकी पुण्याई गाठीशी असताना एका मराठी माणसाने चार-पाच शकांचा निवाडा दिला, तर कुणाचं काय बिघडतं?

शक हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. शालिवाहन शक नेमका कुणी सुरू केला यावर विद्वानांनी उभी आयुष्यं घालवली. तमिळ सिनेमाचं माहेरघर असलेल्या कोडंबाक्कमच्या शकांचा असा घोळ नाही. त्यांच्या तारखा चहावाल्यालाही ठाऊक असतात. पहिला भागवतर शक. त्याचा कळस म्हणजे 'हरिदास'. गायक-नट त्यागराज भागवतरांचा हा चित्रपट 1944 च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात लागला, तो 1946 च्या दिवाळीलाही तिथेच होता. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी आणि कथा आपल्या पुंडलिकाच्या वळणाची. म्हणजे आपलाच देव दोन वर्षांहून जास्त काळ तिथे तिष्ठत होता. तसा त्याला सराव आहे.

दुसरा शक विश्वनाथन-राममूर्ती या संगीतकार जोडीचा, 1952 ते 1965. मग जोडी फुटली आणि विश्वनाथन एकटे पुढे गेले. या उपशकाला काय म्हणावं यावर अजून एकमत नाही. 14 मे 1976 रोजी 'अन्नक्किळि' आला आणि इळैयराजा शक 1 सुरू झाला. 1980 च्या अखेरीस आलेला 'मूडुपनी' हा राजांचा शंभरावा चित्रपट. साडेचार वर्षांत शंभर! तेवढ्या काळात आमच्या इमारतीच्या लिफ्टचे दोन दिवे बदलून झाले. 15 ऑगस्ट 1992 रोजी 'रोजा'बरोबर रहमान शक लागला. 2011 च्या नोव्हेंबरात अनिरुद्धचं 'कोलावेरी' आलं, ते महिन्याभरात साताऱ्याच्या वरातींपर्यंत पोहोचलं, आणि अनिरुद्ध शकाची नोंद सरकारदरबारी झाली असं समजायला हरकत नाही.

आता यातला सर्वोत्तम कोणता?

मतदानाने ठरवावं, हा पहिला पूर्वपक्ष. त्याचं खंडन इतिहासानेच करून ठेवलं आहे. 1992 च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार द्यायचे होते. संगीताच्या पुरस्कारासाठी एका पारड्यात राजांचा 'तेवर मगन', दुसऱ्यात पंचविशीतल्या रहमानचा पहिलाच 'रोजा'. मतं समसमान पडली. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते दिग्दर्शक बालू महेंद्र. 'मूडुपनी' त्यांचाच, आणि त्यानंतरची त्यांची संगीताची भिस्त राजांवर. त्यांनी आपलं निर्णायक मत 'रोजा'ला दिलं. ही हकिगत चेन्नईत सगळ्यांना पाठ आहे. यावरून राजापक्ष म्हणतो, बघा, बरोबरी झाली होती. रहमानपक्ष म्हणतो, बघा, राजांच्या माणसानेसुद्धा. मतदानाने निकाल लागला, वाद लागलेलाच राहिला.

दुसरा पूर्वपक्ष सातासमुद्रापलीकडचा. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी 1989 मध्ये असं मांडलं की माणसाला सर्वांत जास्त आवडतात ती गाणी तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असतानाची. सिद्धान्त मोठा देखणा आहे. आमच्या मयिलापुरात तो कसा आपटला, ते पुढे येईल.

म्हणून मी स्वतःची कसोटी काढली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे. तिथला टी-मास्टर एका हातातल्या भांड्यातून दुसऱ्या हातातल्या ग्लासात चहा ओढतो. फळीवर रेडिओ असतो. गाण्यानुसार चहाची धार कमीजास्त होते हे माझ्या लक्षात आलं, आणि तीन महिने रोज सकाळी सात वाजता मी निरीक्षणं टिपली. विश्वनाथन लागले की धार वीतभर, पण संथ. थेंब सांडत नाही. राजांची बासरी सुरू झाली की उजवा हात डोक्याच्या वर जातो, धार दीड हाताची होते आणि फेस ग्लासाबाहेर येतो. रहमानला मास्टर सुरुवातीला हात आवरता घेतो, गाणं कुठे जातंय याचा अंदाज घेतो, आणि ते वर चढतं तेव्हा नेमका चहा संपलेला असतो. अनिरुद्धला तो चहा ओढत नाही, ग्लास नुसता पुढे सरकवतो आणि मान डोलावतो. चहा सर्वांत चांगला कधी लागला? माझ्या टिपणांनुसार, वीज गेली होती त्या दिवशी. कसोटी बाद.

शेवटी खरं साधन वरच्या मजल्यावर सापडलं. आमच्या घरमालकांना मी मामा म्हणतो. इथे सगळेच म्हणतात, आणि मराठीतही ते खपतं. मामांचा जन्म 'हरिदास'च्या पहिल्या दिवाळीतला. अमेरिकन हिशेबाने त्यांचं सर्वोत्तम वर्ष 1968 यायला हवं. विचारलं, तर मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "एटी-सिक्स." तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते.

पुरावा म्हणून त्यांनी कॅसेट दाखवली. त्या काळी इथे गाणी भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि कागदावर यादी नेऊन द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. मामांनी नव्वद मिनिटांची कॅसेट दिली होती: साइड ए विश्वनाथन, साइड बी मामींच्या आवडीचे राजा. या यादीइतका प्रामाणिक संगीतसमीक्षेचा दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही. पंचेचाळीस मिनिटांत दहा गाणी बसवायची, म्हणजे बाकीची शेकडो स्वतःच्या हाताने खोडायची. कार्डावर निळ्या बॉलपेनने दहा नावं आहेत आणि खाली वेगळ्या अक्षरात, दुकानदाराच्या, अकरावं. साइड एच्या शेवटी दोनेक मिनिटांची फीत उरली होती. कोरी ठेवणं त्याच्या जिवावर आलं असणार. त्याने तेव्हा नवीन असलेल्या 'मेल्ल तिरंदतु कदवु'मधलं एक गाणं सुरू केलं. अंतऱ्याच्या मध्यावर फीत संपली.

त्या चित्रपटाला संगीत विश्वनाथन आणि इळैयराजा अशा दोघांचं आहे. चाली मुख्यतः विश्वनाथन यांच्या, वाद्यमेळ राजांचा. मामा शपथेवर सांगतात, गाणं विश्वनाथन यांचं. मामी तितक्याच शांतपणे म्हणतात, राजांचं. टी-मास्टर मामींच्या बाजूचा. दोन शकांची हद्द आखायला गेलो, तर हद्दीवरच गाणं बसलेलं.

मामा ते गाणं रोज पूजेची फुलं तोडताना गुणगुणतात आणि अंतऱ्याच्या अर्ध्यावर, एका शब्दाच्या मधोमध, थांबतात. श्वास संपला म्हणून नव्हे. गाणं तिथेच संपतं. एकदा चहाच्या दुकानात ते रेडिओवर लागलं. ती जागा आली तसे मामा उठले, पैसे दिले, चालू लागले. मी घरी येऊन त्यांना फोनवर पूर्ण गाणं ऐकवलं. मामांनी पुढचा भाग दहा सेकंद ऐकला आणि फोन परत दिला.

"हे मागाहून घातलंय," म्हणाले.

निकाल देण्याआधी न्यायाधीशाने हितसंबंध उघड करावेत. 1987 मध्ये आशाबाई आणि 1988 मध्ये लतादीदी राजांकडे तमिळमध्ये गायल्या. दीदींचं ते बालसुब्रह्मण्यम यांच्याबरोबरचं गाणं. 1986 हे साल मराठी माणसाच्या मोहाला धोकादायकरीत्या जवळचं आहे, हे मला कबूल आहे. तरीही दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो: तमिळ चित्रपटसंगीताचा सर्वोत्तम कालखंड म्हणजे 1986, साइड ए, शेवटची दोन मिनिटं. त्यापुढचं मागाहून घातलेलं आहे.

राहता राहिलं एक. मामांच्या डेकचा रबरी पट्टा गेल्या पोंगलला तुटला आणि कॅसेट तेव्हापासून मुकी आहे. रिची स्ट्रीटची तीन दुकानं पालथी घातली, मिळाला नाही. कुणा वाचकाच्या माळ्यावर जुना डेक पडून असेल, तर नुसता पट्टा चालेल. मामा यंदा ब्याऐंशीचे होतील, थोडी घाई करावी.