वर्षाला किती?

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेटाला निघालेला माणूस कुणाच्याही होडीत चढत नाही. तांडेल कोण आहे, त्याला इथले खडक ठाऊक आहेत का, हे आधी बघतो. मग त्याच घरातल्या बाईच्या छातीत गाठ लागली की ही चौकशी कुठे जाते? 'त्यांनी आमच्या भावजयीचं अपेंडिक्स काढलं होतं, हात चांगला आहे', एवढ्यावर स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरतं. मला याचा राग येतो. त्या बाईचा नाही, तिला विचारायला कुणी शिकवलंच नाही याचा.

डॉक्टरांना एकच विचारायचं: स्तनाच्या कॅन्सरची ऑपरेशनं वर्षाला किती करता?

यात उद्धटपणा नाही. पश्चिम स्कॉटलंडमध्ये 1980 ते 1988 या काळात उपचार झालेल्या 3,786 बायकांचा हिशोब गिलिस आणि होल या संशोधकांनी 1996 साली मांडला. स्तनाच्या आजाराचा वेगळा दवाखाना चालवणाऱ्या, पॅथॉलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञांबरोबर बसून निर्णय घेणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी कमी निघाला. वय, गाठीचा आकार, काखेपर्यंत गेलेला आजार, घरची गरिबी, सगळं जमेस धरूनही. युरोपातल्या स्तनकर्करोग तज्ज्ञांच्या संघटनेने, युसोमाने, तर अटच घातली: एका सर्जनने वर्षाला किमान 50 नव्या रुग्णांची ऑपरेशनं केलेली असावीत.

फरक नुसत्या हाताच्या सफाईचा नाही. तो चाकू उचलायच्या आधीच पडतो. अनुभवी सर्जन सुईने तुकडा काढून आधी बायोप्सी करतो. ज्याला सवय नाही तो म्हणतो, 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू, मग बघू.' मग रिपोर्ट कॅन्सरचा येतो. गाठीच्या कडा मोकळ्या होत्या का, कळत नाही, कारण कुठली बाजू वरची आणि कुठली खालची याची खूणच केलेली नसते. काखेला हात लावलेला नसतो. बाई पुन्हा टेबलावर जाते, आणि वाचू शकला असता असा स्तन कधीकधी त्या दुसऱ्या फेरीत जातो. गाठ काढून पुढे रेडिएशन दिलं, तर योग्य रुग्णांत सगळा स्तन काढण्याइतकंच आयुष्य मिळतं, हे मिलान आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांनी 2002 मध्येच दाखवलं आहे. तरीही 'सगळं काढलेलं बरं' हा सल्ला आजही बायकांच्या पदरात पडतो.

वर्षांचा अनुभवही एकटा पुरत नाही, माणूस शिकत राहिला पाहिजे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 11 केंद्रांत एक साधी गोष्ट तपासली: ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भुलीचं स्वस्त औषध, लिडोकेन टोचायचं. 2023 मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका, इंजेक्शन दिलेल्या गटात 90.1 टक्के, न दिलेल्यात 86.4. तुमच्या सर्जनला हे माहीत आहे का, तेही विचारा.

'परळ लांब आहे' हे खरं. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद असतात, वडखळचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण टाटाचंच खारघरचं केंद्र याच रायगड जिल्ह्यात आहे. नीट तपासणीला दोन आठवडे लागले तर सहसा बिघडत नाही, न तपासता कापलं तर बिघडतं. (महिनोन्‌महिने घरी थांबणं मात्र नको, तेही तितकंच वाईट.) आणि गावात आधीच ऑपरेशन झालं असेल, तर पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, फक्त रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका.

आता सरकारकडे एक मागणी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक ऑपरेशनचा दावा रुग्णालयाच्या नावाने मंजूर होतो. म्हणजे कुठल्या रुग्णालयात वर्षाला स्तनाच्या कॅन्सरची किती ऑपरेशनं योजनेतून होतात, हा आकडा मंत्रालयाला मिळू शकतो. तो रुग्णालयाच्या नावासह दरवर्षी जाहीर करा आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीशेजारी मराठीत लावा.