डम्प पाठ, डेटा सपाट

‘पीएल-300 चे लेटेस्ट डम्प कुणाकडे आहेत का?’ नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर ही विचारणा दिसते. थोड्याच वेळात पीडीएफ येऊन पडते, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि तयारी झाली असे सगळे धरून चालतात. मला या पीडीएफचा मनापासून राग आहे. आजचे सदर तिच्याविरुद्ध.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएल-300 ही मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवरची डेटा ॲनालिस्टची परीक्षा. जुन्या डीए-100 च्या जागी ती 2022 मध्ये आली. वेळ 100 मिनिटे, गुण 1000 पैकी, पास व्हायला 700. हे 700 म्हणजे सत्तर टक्के उत्तरे बरोबर असा सरळ हिशेब नव्हे, कारण गुण प्रश्नांच्या काठिण्यानुसार मोजपट्टीवर बसवलेले असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या, इंजिनिअरिंगचा शिक्का नसलेल्या मुलामुलींना डेटाच्या कामात शिरायला ही एक खरी वाट आहे. म्हणूनच ती कुणी घाण केली की चीड येते.

डम्प म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न. दुसरा शब्द वापरायची गरज नाही. परीक्षेला बसण्याआधी प्रश्न बाहेर फोडणार नाही असा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्याचे सिद्ध झाले तर मिळालेले प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढच्या परीक्षांवर कायमची बंदी येऊ शकते. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच सोडवले म्हणून हेही तसेच, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो चुकीचा आहे. अपेक्षित संच शिक्षक अभ्यासक्रम बघून बनवतात, ते उघड विकले जातात. डम्प चोरीचा माल आहे. शिवाय माल खराबही असतो: उत्तरे चुकीची, प्रश्न जुने, मेनूची नावे केव्हाच बदललेली. मायक्रोसॉफ्ट परीक्षेचा आराखडा वारंवार बदलते आणि पीडीएफ मात्र गावभर तशीच फिरत राहते.

नैतिकतेचे सोडा, व्यवहाराचे बोलू. डम्पवाला मुलाखतीत कुठे सापडतो? पहिल्या साध्या प्रश्नाला. मेजर आणि कॅल्क्युलेटेड कॉलम यांत फरक काय? पाठ केलेले वाक्य येते. मग समोरचा लॅपटॉप फिरवतो आणि म्हणतो, या तक्त्यावर करून दाखवा. तिथे संपते.

क्लासवाल्यांनाही दोन शब्द. ‘शंभर टक्के पास’ची पाटी लावणारे वर्ग मुलांकडून ॲडव्हेंचर वर्क्सचा डॅशबोर्ड करून घेतात. ॲडव्हेंचर वर्क्स ही मायक्रोसॉफ्टने सरावासाठी रचलेली काल्पनिक सायकल कंपनी. डेटा स्वच्छ, नाती जुळलेली, तारखा नीट. सरावाची सुरुवात म्हणून उत्तम, पण प्रत्येक रेझ्युमेत त्याच सायकली, तेच रंग, तोच नकाशा. मुलाने स्वतः काय केले ते त्यातून कळत नाही, कारण त्याने काही केलेलेच नसते. आणि ज्या कंपन्या रेझ्युमेवरचा बिल्ला बघून चाळणी लावतात आणि काम करवून बघतच नाहीत, त्यांनी डम्पच्या नावाने गळा काढू नये. ही मागणी त्यांनीच तयार केली आहे.

मग तयारी कशी करायची? माझे उत्तर ठाम आहे: कांद्यावर करा.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव जाहीर करते. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. महिन्या-दोन महिन्यांचा कांदा एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये ओढा. डेस्कटॉप फुकट आहे, फक्त विंडोज लागते. आता बघा काय काय हाताला लागते ते.

पहिली ठेच तारखेला. आपल्याकडे दिवस आधी लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 05/04/2024 ही पाच एप्रिल गुपचूप चार मे होते आणि 13/04/2024 ला थेट एरर येतो, कारण तेरावा महिना नसतो. एरर दिसतो तो बरा. न दिसणारी चार मे घातक. पॉवर बीआयमधल्या पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा साफ करायच्या खिडकीत, रकान्याचा प्रकार बदलताना ‘युजिंग लोकेल’ निवडून इंग्लिश-इंडिया सांगितले की गाडी रुळावर येते. हे एकदा स्वतःच्या हाताने निस्तरले की ‘डेटा तयार करणे’ या घटकावरचा असा प्रश्न जन्मभर चुकत नाही.

मग नावे. लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर: एक की तीन? मुख्य बाजार आणि त्याचे उपबाजार वेगळे ठेवायचे की एकत्र मोजायचे, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते ठरवायला बाजार कळावा लागतो. जातीच्या रकान्यात लाल, उन्हाळी, लोकल, पांढरा आणि मध्येच नुसत्या आडव्या रेघा. त्या रेघांचे काय करायचे तेही तुम्हीच ठरवायचे. कांद्याबरोबर कोथिंबीर घेतलीत तर आणखी गंमत, कारण ती कुठे कुठे नगावर मोजतात. क्विंटल आणि नग एका बेरजेत घातले की आकडा येतो, भलामोठा येतो आणि त्याला काडीचाही अर्थ नसतो.

आता दर. इथे थोडे थांबा, कारण अर्धी परीक्षा या एका जागी आहे. समजा एका बाजारात 20,000 क्विंटल आवक झाली, दर 1,500 रुपये. दुसऱ्या छोट्या बाजारात 100 क्विंटल, दर 2,500. सरासरी दर किती? रकाना ओढून ॲव्हरेज निवडले की पॉवर बीआय 2,000 दाखवते. शेतकऱ्यांना मिळालेला खरा सरासरी दर मात्र 1,505 च्या आसपास आहे, कारण जवळजवळ सगळा कांदा स्वस्तात गेला. क्विंटलमागे 495 रुपयांचा फरक. असा डॅशबोर्ड कुणी टीव्हीवर दाखवला तर घराघरात ‘शेतकऱ्याला दोन हजार मिळतायत की’ अशी चर्चा सुरू होईल. बरोबर उत्तरासाठी प्रत्येक ओळीत आवक गुणिले दर करायचे, त्याची बेरीज घ्यायची आणि एकूण आवकेने भागायचे. डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत सम-एक्स आणि डिव्हाइड. ओळीओळीने हिशेब म्हणजे काय आणि तो नुसत्या ॲव्हरेजने का जमत नाही, हे या दोन बाजारांवर पाच मिनिटांत कळते. डम्पमधून वर्षभरात कळणार नाही.

त्याच कांद्यावर कॅल्क्युलेट शिका. राज्याच्या एकूण आवकेत लासलगावचा वाटा किती? वरच्या आकड्याला बाजाराची चाळणी लागलेली हवी, खालच्याची ती काढून टाकायला हवी. कॅल्क्युलेट आणि ऑल यांची जोडी नेमके हेच करते. पडद्यावर ‘लाल’ निवडल्यावर कुठला आकडा हलतो आणि कुठला हलत नाही ते डोळ्यांनी बघा. ज्याला फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणून घाबरतात ते इतकेच आहे. पुढे खोलात जायचे असेल तर मार्को रुसो आणि अल्बर्टो फेरारी या दोन इटालियन तज्ज्ञांचे ‘द डेफिनिटिव्ह गाइड टू डॅक्स’ वाचा. जाडजूड आहे, पण एकही पान भरीचे नाही.

आणि आपले आर्थिक वर्ष विसरू नका. वर्षारंभापासूनची बेरीज देणारे टोटल-वायटीडी हे फंक्शन काही सांगितले नाही तर 31 डिसेंबरला वर्ष संपवते. आपले वर्ष 31 मार्चला संपते. तो वर्षअखेरीचा दिवस फंक्शनला वेगळा द्यावा लागतो. न देणाऱ्या माणसाचा एप्रिलचा आकडा जानेवारीपासूनच्या बेरजेत बुडून जातो आणि साहेबांपुढे त्याची उत्तरे देता देता नाकी नऊ येतात.

अभ्यासाची वाटणी सांगतो. सध्याच्या आराखड्यात डेटा तयार करणे, मॉडेल बांधणे, दृश्य मांडणी व विश्लेषण या तिघांना प्रत्येकी 25 ते 30 टक्के वजन आहे. पॉवर बीआय सांभाळणे व सुरक्षित ठेवणे याला 15 ते 20. मुले शेवटचे सोडून देतात, कारण त्याला ऑनलाइन सेवेचे खाते लागते आणि जीमेलच्या पत्त्यावर ते उघडत नाही, कॉलेजचा किंवा ऑफिसचा पत्ता लागतो. कॉलेजांनो, विद्यार्थ्यांना संस्थेचा ईमेल द्या. सेमिनारला पाहुणे बोलावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. खाते मिळेपर्यंत हातावर हात धरून बसू नका. नाशिकच्या अधिकाऱ्याला नाशिकचाच डेटा दिसावा ही व्यवस्था डेस्कटॉपमध्येच बांधता येते आणि ‘व्ह्यू ॲज’ने तपासताही येते.

सराव प्रश्न हवेतच, आणि ते मायक्रोसॉफ्ट लर्नवर अधिकृत आणि फुकट आहेत. प्रत्येक उत्तरामागे कारण आणि कागदपत्रांचा दुवा असतो. ते संपल्याशिवाय कुणी बाहेरून काही विकत घेऊ नये. आणखी एक: 2023 पासून या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून बघता येते. पण घड्याळ थांबत नाही. ज्याने आधी वाचले आहे त्यालाच चटकन सापडते, बाकीच्यांची शोधाशोधीत मिनिटे जातात. केस स्टडीचा भाग एकदा सोडला की मागे फिरता येत नाही, तेव्हा तिथली उत्तरे तिथेच पक्की करा.

घरून द्यायची की केंद्रात जाऊन? घरी स्वतंत्र खोली आणि भरवशाचे नेट असेल तरच घरून द्या. टेबल रिकामे लागते, फोन हाताबाहेर ठेवावा लागतो आणि मध्येच कुणी खोलीत आले तर परीक्षा रद्द होऊ शकते. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील तर सरळ केंद्र गाठा. नापास झालात तर 24 तासांनी पुन्हा बसता येते, त्यापुढच्या प्रत्येक खेपेला 14 दिवस थांबावे लागते. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची. नूतनीकरण घरबसल्या आणि विनामूल्य होते, मात्र मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायला हवे. मुदत गेली की पुन्हा मुख्य परीक्षा, पुन्हा फी.

शेवटी मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. ही परीक्षा मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजीत लांबलचक प्रसंग वाचून त्यातली अट पकडायला वेळ लागतो, आणि ते डोके कमी असल्याचे लक्षण नाही. ज्यांच्या भाषेत परीक्षा उपलब्ध नाही त्यांना 30 मिनिटे जास्तीची मागता येतात. मागावी लागतात, आपोआप मिळत नाहीत, आणि तारीख घेण्याआधी मागावी लागतात. क्लासवाले हे क्वचितच सांगतात. तुमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी डम्प मागितले, तर पीडीएफऐवजी ही माहिती टाका.