काकांचा ठराव

अहो वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकांच्या पंच्याहत्तरीचा म्हणे टेक्ससच्या विधानसभेत ठराव झाला! फ्रेम करून दारासमोरच लावलाय, चपला काढता काढताच दिसावा असा. काकू म्हणाल्या, "अख्ख्या सभागृहानं एकमतानं मंजूर केला हो!" मी आपली सहज बोलून गेले, एकमतानं तर डिसाल्व्होचाही झाला होता. काकूंचा चेहरा असा खर्रकन उतरला... चहात साखर घालायच्याच विसरल्या.

अहो, तोच तो बॉस्टन स्ट्रँगलर! 13 बायकांना मारल्याची कबुली दिलेला. 1971 चा एक एप्रिल. वेकोच्या आमदार टॉम मूरनं याच टेक्ससच्या विधानसभेत त्याच्या गौरवाचा ठराव मांडला. काय तर म्हणे, कनवाळू गृहस्थ, कामावर केवढी निष्ठा, आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवायच्या पद्धती तर अगदी चाकोरीबाहेरच्या! मॅसॅच्युसेट्सनंही दखल घेतलीय, असंसुद्धा होतं त्यात. घेणारच, जन्मठेप ठोकली होती की त्याला! आणि सगळे 'हो' म्हणून मोकळे. मग मूरनं आपणच तो मागे घेतला. न वाचता काय वाट्टेल ते पास करतात, एवढंच दाखवायचं होतं मेल्याला. तेव्हाची त्या आमदारांची तोंडं बघायला हवी होती...

तर काय सांगत होते? हां, काका. हे असले ठराव एकेक करून वाचतंय कोण? कुणाची शंभरी, कुणाच्या लग्नाची पन्नाशी, कुठल्या शाळेची टीम जिंकलेली, सगळे गठ्ठ्यानं पास. आणि आमदाराच्या ऑफिसात आपणच कळवायचं, माहितीही आपणच पुरवायची. काकांचा मजकूर सुनेनं लिहून दिलाय. तिनंच सांगितलं मला, तुम्ही कुठे बोलू नका हं. 'समाजाचे आधारस्तंभ' म्हटलंय! मंडळाच्या गणपतीत खुर्च्या उचलताना कधी दिसला का तुम्हाला हा आधारस्तंभ? जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय.

पण काय हो वहिनी, विधानसभेचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, तेही 140 दिवसांचं. हुकलं की बसा. आणि आमच्या ह्यांची साठी आलीय तोंडावर... तुमचं इंग्रजी छान आहे, चार ओळी लिहून द्या ना. आधारस्तंभ तेवढा नको, तो काकांनी घेतलाय.